डाव्या हाताची गिटार

भोरच्या बाजारपेठेत माझा ब्लाऊज शिवायचा गाळा आहे. पुढं कापायचं टेबल, मागं दोन मशिनी, भिंतीला रंगवार लावलेल्या अस्तराच्या घड्या. समोरच्या माडीवर कॉलेजात शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम भाड्यानं राहतात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या एक लांबलचक काळी पिशवी पोटाशी धरून माझ्याकडं आल्या.

"काकू, एवढी चेन बसवून द्याल का? स्वारगेटला गाडीत चढताना पार उसवली."

"मी ब्लाऊज शिवते हो, बॅगा नाही शिवत," असं म्हणत म्हणतच मी पिशवी ओढून घेतली. कापड जाड होतं, पण सोळा नंबरची सुई चालली असती. "आतलं काय आहे ते काढून घ्या."

आतून गिटार निघाली. ठेवायला जागा नव्हती. टेबलावर एका गिऱ्हाइकाचं खणाचं कापड पसरलेलं. तेवढ्यात मॅडमचा मोबाईल वाजला. "एक मिनिट धरा हं," म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन बोलत उभ्या राहिल्या.

मी स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लांबून बघितली होती तेवढीच. उजव्या हातानं तिची मान धरली आणि डाव्या हाताचा अंगठा वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवरून ओढला. आवाज फार मोठा नव्हता आला. पण लाकूड पोटाला टेकलेलं होतं, त्यामुळं तो आवाज कानाआधी पोटाला कळला. मी पुन्हा ओढला. मग पुन्हा.

मॅडम आत आल्या आणि हसल्या. "काकू, उलटी धरलीय." त्यांनी माझ्या मांडीवरच ती फिरवून सुलटी करून दिली. आता मान डाव्या हातात आली आणि उजवा हात तारांवर. मी उजवा अंगठा ओढला. आवाज तोच आला, पण मी कुणाच्या तरी सांगण्यावरून काही करतेय असं वाटलं. मी गिटार परत फिरवली.

"मला अशीच बरी वाटते."

मॅडम जरा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिल्या. "तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

हा प्रश्न मला शेवटचा कुणी विचारला होता ते आठवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "होते."

माझं माहेर भोंगवलीचं. आमच्याकडं डावखुरी म्हणत नाहीत, डावरी म्हणतात, आणि ते म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. मी डावरी जन्मले. घास डाव्या हातानं उचलायची, खडा डाव्या हातानं मारायची, विळा हातात दिला तर तोही डावीकडं. विळ्याची धार बाकीच्यांना बरोबर यायची, मला यायची नाही. मग सगळे हसायचे. आईनं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. जेवायला बसवलं की जुन्या लुगड्याचा काठ फाडून ती माझा डावा हात कमरेला बांधायची. गाठ मागच्या बाजूला, म्हणजे मला सोडता येऊ नये. शाळेत गुरुजींची पट्टी होतीच. हळदीकुंकवाला गेले आणि चुकून डाव्या हातानं कुंकू लावलं तर पोरीला वळण नाही म्हणून आईचा उद्धार व्हायचा, आणि घरी आल्यावर माझा.

सातवी-आठवीपर्यंत मी उजवी झाले. अक्षर कधी सुधारलं नाही. शिवणक्लासला भोरला आले तेव्हा कात्री उजव्या हातानं चालवायला शिकले. पहिलं वर्षभर बाही जोडायचा मुंढा कायम वाकडा कापला जायचा, पण शिकले. आता माझ्या हाताचा ब्लाऊज घालायला कापूरहोळपासून बायका येतात. लग्न होऊन भाटघरला गेले तेव्हा सासरी कुणाला कळलंसुद्धा नाही, पुढं भोरला बिऱ्हाड केलं तरी नाही. आईला त्याचा फार अभिमान. ती म्हणायची, "बगा, कुनाला तरी सांगून खरं वाटंल का?"

पिशवीची चेन दोन दिवसांत बसवून दिली. पण त्यानंतर दर रविवारी दुपारी गाळा बंद केला की मी मॅडमच्या माडीवर जाऊ लागले. त्यांची गिटार उजव्या हाताची. मी ती उलटी धरायची, म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक वर. त्यावर धड काही वाजत नव्हतं. मॅडमनी समजावून सांगितलं की डाव्या हाताच्या गिटारी वेगळ्या येतात, त्यांची बांधणीच उलट असते. नुसत्या तारा इकडच्या तिकडं करून भागत नाही. तारा ज्या खाचांत बसतात त्या खाचा जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, आणि आतल्या लाकडाच्या पट्ट्यासुद्धा बाजू बघून चिकटवलेल्या असतात.

"म्हणजे डाव्या अंगाचा भाग उजव्या अंगाला लावल्यासारखं," मी म्हणाले.

"अगदी तसंच."

त्या दिवशी घरी येऊन मी मालकांना सांगितलं, मला गिटार घ्यायची आहे. माझे मालक डेपोत मेकॅनिक आहेत. माणूस वाईट नाही. नवं काही ऐकलं की आधी हसतात, मग विचार करतात.

"शेचाळिसावं लागलं तुला."

"म्हणूनच आता घ्यायची."

"पोरगी शिकायला पुण्याला हाय, तिला घ्यायची सोडून तू?"

"तिला नको आहे. मी विचारलं."

ते हसले. मग विचार केला. मग म्हणाले, "चल, मी येतो संगं. तुला फसवतील तिथं."

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत आम्ही गेलो. दुकानाच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत गिटारी टांगलेल्या. निळ्या, लाल, काळ्या, एक तर चक्क पोपटी. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "मुलासाठी का मावशी?"

"माझ्यासाठी."

तो एकदा माझ्याकडं आणि एकदा मालकांकडं बघून म्हणाला, "कोणता कलर?"

"डाव्या हाताची पाहिजे."

"लेफ्ट हँड आम्ही ठेवत नाही. मागणीच नाही ना." मग तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. मला वाटतं तो मनापासूनच बोलत होता. "मी काय म्हणतो, नवीन शिकणाऱ्याला दोन्ही हात सारखेच नवीन. माझ्याकडं कितीतरी लेफ्टी लोक येतात, साधीच घेऊन जातात. सहा महिन्यांत सवय होते."

मालकांना ते पटलं. "बरोबर बोलत्यात ते. तू उजव्या हातानं एवढी कापडं कापतीस. हे बी जमंल."

"जमंल की," मी म्हणाले. "आजवर सगळं जमवलंच. पण हे मला जमवायचं नाही."

दुकानदाराला वाटलं मी किमतीवरून अडलेय. त्यानं एक निळी गिटार उतरवली आणि माझ्या हातात उजव्या पद्धतीनं दिली. म्हणाला, पाच मिनिटं वाजवून तर बघा. मी बघितली. खरंच वाजत होती. बोटं कुठं ठेवायची ते त्यानं दाखवलं आणि एक बरा आवाजही निघाला. मालक खूश झाले. मला मात्र शिवणक्लासचा पहिला महिना आठवला. बाई मागं उभ्या आहेत, कात्री उजव्या हातात आहे आणि मी चूक व्हायची वाट बघतेय. मी गिटार काउंटरवर ठेवली.

"तारा उलट्या लावून देतो," तो म्हणाला. "अर्धा तास बसा, चहा घ्या."

"तारांनी होत नाही. डाव्या हाताची मागवता येईल का?"

त्यानं माझा नंबर लिहून घेतला. आल्यावर फोन करतो म्हणाला.

परतीच्या एसटीत मालक खिडकीशी बसले. कात्रजचा बोगदा मागं पडला, शिवापूर गेलं. मग एकदम म्हणाले, "एवढ्या लांब येऊन हात हलवत परत. डेपोत विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, बायकोला पसंत पडली नाही."

जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "तुला उजव्या हातानं खरंच येत न्हाई का?"

"येतं हो. येतं म्हणूनच नको आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. समजलं की नाही ते कळलं नाही, पण परत तो विषय काढला नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. "मावशी, तुमची लेफ्ट हँड आली. लगेच या, दुसरं गिऱ्हाईक पण आहे." मालकांना रजा नव्हती. मी एकटीच गेले.

गिटार काउंटरवर काढून ठेवलेली होती, पिवळसर रंगाची, चकचकीत. मी डावीकडून धरली. जाड तार वर, बारीक खाली, म्हणजे तारा बरोबर होत्या. दुकानात दोन-चार कॉलेजची मुलं होती, ती बघत होती. मी अंगठा ओढला. जाड तार किंचित खडखडली. मी खाली वाकून मानेच्या टोकाची खाच बघितली, तर जाड तार बारीक खाचेत नीट उतरलेलीच नव्हती, वरच बसली होती. मग मी गिटार डोळ्यासमोर धरून सगळीकडून बघितली, एखाद्या गिऱ्हाइकानं रेडिमेड ब्लाऊज आणून 'असाच शिवा' म्हटलं की बघते तशी.

मॅडमच्या गिटारीला मानेच्या वरच्या काठावर बारीक पांढरे ठिपके होते, वाजवणाऱ्याला वरून बघून जागा कळावी म्हणून. हिच्या वरच्या काठावर एकही ठिपका नव्हता. मी गिटार उलटी केली. ठिपके खालच्या काठावर होते, जमिनीला दिसतील असे. आणि मधल्या भोकाच्या खाली जी काळी चकती असते, लाकडावर नखाचे ओरखडे उठू नयेत म्हणून, ती भोकाच्या वर होती.

"ही उजव्या हाताची आहे," मी म्हणाले. "तारा बदलल्यात."

"नाही नाही, कंपनीकडूनच तशी आलीय."

"भाऊ, मी शिंपीण आहे. कापड उलट्या बाजूनं शिवलेलं मला कळतं. हे ठिपके माझ्यासाठी आहेत की फरशीसाठी?"

मुलांमधला एक जण हसला. दुकानदाराचा चेहरा पडला. "वाजवायला काही फरक पडत नाही हो मावशी," तो म्हणाला. "नव्या माणसाला कळतसुद्धा नाही."

"मी नवी आहे," मी म्हणाले. "आणि मला कळलं."

मी माझी पर्स उचलली आणि बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत कुणाला तरी डाव्या हातापायी नाही म्हणाले होते आणि कुणी मला काही केलं नव्हतं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या. गिटार वाजवणाऱ्या लोकांचा त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यात त्यांनी लिहिलं की भोरला एका बाईंना डाव्या हाताची गिटार हवी आहे, जुनी चालेल. आठ दिवस काहीच आलं नाही. मग उत्तर आलं ते वेल्ह्याहून. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई तिकडं शेतघर बांधून एकट्या राहतात, त्या डावखुऱ्या आहेत आणि त्यांच्याकडं दोन गिटारी नुसत्या पडून आहेत.

पुढच्या रविवारी मॅडमच्या स्कूटरवर मागं बसून मी निघाले. नसरापूरवरून आत वळलो. भातं केव्हाच निघाली होती, खाचरं नुसती कोरडी पडलेली, आणि समोर तोरणा. वेल्ह्याच्या अलीकडं एका कच्च्या रस्त्याला लागलो. फाटकाशी एक सत्तरीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी कडी डाव्या हातानं काढली. मी ते लगेच टिपलं.

त्यांनी आधी चहा केला. कप पुढं केला तोही डाव्या हातानं. आता कुणी तरी काही तरी बोलणार असं वाटून मी उगाच दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. मी डाव्या हातानंच कप घेतला.

"तुम्हाला मारलं का लहानपणी?" बाईंनी सरळच विचारलं.

"हात बांधायचे."

"मला नाही कुणी मारलं. माझे वडील म्हणायचे, राहू दे तिला. पण बँकेत गेल्यावर काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं, आणि दोरी उजवीकडं. माझ्यापर्यंत पोचायची नाही. मी रोज ती सोडून डावीकडं बांधायचे, रोज कुणीतरी परत उजवीकडं बांधायचं." त्या हसल्या. "निवृत्त होईपर्यंत चाललं हे. मी काही सोडलं नाही."

मग त्यांनी आतून दोन गिटारी आणून पलंगावर ठेवल्या. एक मोठी, तांबूस, भोकाभोवती शिंपल्याची नक्षी. दुसरी लहान, फिकट साध्या लाकडाची, खालच्या कडेला कशाचा तरी डाग.

"मोठीच घ्या," बाई म्हणाल्या. "ती चांगल्यातली आहे. लहानी मी शिकताना घेतलेली."

मोठी मांडीवर घेतली. आवाज भरदार होता, खोलीभर झाला. मॅडमचे डोळे चमकले. पण तिचं पोट एवढं मोठं की त्यावरून डावा हात टाकला तर खांदा वर उचलला जायचा, काखेत शिवण घट्ट झाल्यावर होतो तसा. असा घट्ट झालेला ब्लाऊज गिऱ्हाईक दोन दिवसांत परत घेऊन येतं. मी लहानी घेतली. हात सरळ खाली आला आणि बोटं आपसूक भोकावर टेकली.

"मागं वळून बसा," बाई म्हणाल्या. "मी दोन्ही वाजवते. नक्षी बघून ठरवू नका."

त्यांनी वाजवल्या. मोठीचा आवाज चांगला, ते मलाही कळलं. लहानीचा थोडा पातळ, जवळचा. मी वळले आणि पर्समधून टेप काढली. तार आणि मान यांत किती फट आहे ते दोन्हींचं मोजलं. मोठीची फट जास्त होती. मॅडमनी सांगितलं होतं, फट जास्त असली की दाबायला जोर लागतो. मग एक डोळा मिटून दोन्हींच्या मानेवरून लांबवर बघितलं, दोरा सरळ आहे का बघतात तसं. दोन्ही सरळ होत्या. मानेवरच्या पट्ट्यांमधल्या एकेका घरावर बोट दाबून प्रत्येक तार वाजवून पाहिली. लहानीची एक तार एका घरावर झिणझिणली, आणि तिची तार पिळायची एक खुंटी फिरवायला जड जात होती.

"काकू, हिला दोष आहेत," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "मोठी निर्दोष आहे. आणि पुढं तीच लागेल तुम्हाला."

"पुढचं पुढं. मला आत्ता शिकायचं आहे." मी लहानी परत मांडीवर घेतली. "मापात बसत नाही ते कितीही भारी असलं तरी मी गिऱ्हाइकाला देत नाही. मग स्वतःला कशी देऊ?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "मीही तीच घेतली असती. मोठी मला नवऱ्यानं आणून दिलेली."

त्या पैसे घेईनात. मी म्हणाले, मग राहू दे, मला नको. शेवटी त्यांनी घेतले. खुंटीत मी मशीनच्या तेलाचा एक थेंब घातला, तेवढ्यानं ती मोकळी झाली. झिणझिणणारं घर मॅडमनी नंतर पुण्याहून नीट करून आणलं.

शिकायचं मात्र सोपं नव्हतं. भोरमध्ये एक क्लास होता. तिथले सर म्हणाले, डाव्या हातानं मी शिकवत नाही, सगळी मुलं गोंधळतात. मी म्हणाले, ठीक आहे, मग मी घरी गोंधळते. मोबाईलवर बघून शिकायला लागले आणि तिथं एक गंमत कळली. शिकवणारा उजवा आणि मी डावी, म्हणजे समोर आरसा ठेवल्यासारखं होतं. त्याचा हात ज्या बाजूला, त्याच बाजूला माझा. उजव्या हाताच्या माणसाला डोक्यात उलटंसुलटं करावं लागतं, मला नाही. कागदावरच्या आकृत्या मात्र सगळ्या उलट्या, म्हणून मी कटिंगच्या खाकी कागदावर स्वतःच्या आकृत्या काढल्या. आणि मान धरायला माझा उजवा हात होता, तीस वर्षं सुई टोचून टोचून ज्याची बोटं दगड झालीत तो. मॅडम सांगत होत्या की पहिले दोन महिने बोटं सोलवटतात. माझी पहिली दोन बोटं सोलवटली नाहीतच. करंगळीनं मात्र रडवलं.

मग आई आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भोरला आणली होती, आठ दिवस माझ्याकडंच राहिली. एका डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्यानं फारसं दिसत नव्हतं, तोवर ती नुसती ऐकत होती. "पेटीवानी न्हाई, पन गोड हाय," म्हणायची. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मी दारात बसून वाजवत होते. ती बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"आगं! डाव्या हातानं?"

"व्हय."

"त्यो हात तू सोडला व्हतास न्हवं?"

"सोडला न्हवता आई. तू बांधला व्हतास."

"म्या?" तिचा चेहरा खरोखरच गोंधळला. "म्या कशाला बांधीन?"

"लुगड्याच्या काठानं. कमरंला. जेवताना."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच क्येलं आसंल. उद्या सासरची काय म्हनली आसती?"

"भलं झालं का न्हाई ते मी सांगायचं, आई. तू न्हाई."

हे वाक्य मी कधीतरी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, पण हात थांबले होते. आई आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. चहा मागितला तो जावयाकडं. मालकांनी केला आणि मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली आणि पुन्हा वाजवायला घेतलं. ती रुसली म्हणून मी थांबले असते तर पुढं कधीच वाजवलं नसतं, हे मला माहीत होतं. तिच्या डोळ्याला ताण नको म्हणून दिवा तेवढा बारीक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "जरा हळू वाजीव, डोस्कं दुकतंय." मी हळू वाजवलं. ती ऐकत बसली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. तिचं ऐंशीला आलेलं शरीर, डोळ्यांवरचा काळा चष्मा, थरथरणारी मान. पण मी माफीही मागितली नाही. तिनंही मागितली नाही. भोंगवलीला परत निघताना एसटीत बसवून दिली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "फोनवर आयकवत जा." तेवढंच.

गेल्या नवरात्रात आमच्या गल्लीतल्या बायकांनी भोंडला धरला. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची. शेजारणीनं आग्रह केला, तुम्ही गिटार आणा, गाण्यांना ताल धरा. मला तेव्हा पाच कॉर्ड, म्हणजे बोटांच्या पाच मांडण्या, येत होत्या, आणि भोंडल्याच्या गाण्यांना तीन पुरतात. मी कडेला खुर्ची टाकून बसले. तर गल्लीतल्या एक वयस्क काकू, ज्यांच्या सुनांचे ब्लाऊज मीच शिवते, पुढं आल्या.

"अहो, हे डाव्या हातानं नका वाजवू. देवीचे दिवस आहेत. उजव्या हातानं येत असेल तर वाजवा, नाहीतर राहू द्या."

फेर थांबला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पूर्वीची मी असते तर हसून उठले असते, गिटार भिंतीला टेकवली असती आणि फेरात शिरले असते.

"काकू," मी म्हणाले, "देवीपुढं मी रोज दोन्ही हात जोडते. तिनं त्यातला एक कधी परत केला नाही. तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही बसा, मी उठणार नाही."

त्या बसल्या नाहीत, घरीही गेल्या नाहीत. चेहरा ताठ करून फेराच्या बाहेर उभ्या राहिल्या. शेजारणीनं गाणं उचललं आणि मी पहिली कॉर्ड धरली. पहिल्याच कडव्यात माझा ताल सुटला. घाबरल्यामुळं दुसरी कॉर्ड वेळेवर सापडली नाही आणि बायका पुढं निघून गेल्या. मी थांबले.

"परत सुरुवातीपासून घ्या," मी म्हणाले.

त्या परत पहिल्या ओळीवर आल्या. या वेळी मी पाय आपटून मोजलं, कॉर्ड सापडल्या, आणि पाच गाणी शेवटपर्यंत वाजवली.